पोटातला जंतू, रक्तातली साखर आणि माझी अर्धी साक्ष

(चेंबूर येथील मंडळीत आरोग्य रविवारी उपासनेनंतर दिलेलं भाषण. त्या दिवशी येऊ न शकलेल्या वाचकांसाठी ते इथे देत आहोत. – संपादक)



पाळकसाहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. विषय कळला तेव्हा महिला मंडळाच्या एक काकू मला म्हणाल्या, "अगं, चर्चमध्ये पोटाचं काय बोलणार तू?" मी म्हटलं, "काकू, तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्र, पाचवा अध्याय काढा. प्रेषित पौलाला आपल्या तरुण सहकाऱ्याच्या पोटाची आणि त्याच्या वारंवारच्या दुखण्याची काळजी आहे." त्याच वचनात द्राक्षारसाचाही उल्लेख आहे. आमच्या वाडीतल्या काही पुरुषांना अख्ख्या शास्त्रातलं नेमकं तेवढंच पाठ आहे, म्हणून तिथे मी ते वाचून दाखवत नाही. इथेही नको.

आज मी दोन कामांसाठी उभी आहे. पोटातला एक जंतू आणि मधुमेह यांच्या नात्याविषयी जी माहिती आहे ती सांगायची आहे. आणि त्या नात्याविषयी मी स्वतः अर्धवट बोलले, त्याचा परिणाम काय झाला, तेही सांगायचं आहे. दुसरं काम आधी करते, कारण ते केल्याशिवाय पहिलं मला करता येणार नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे की मी आठवड्यातले तीन दिवस कर्जत तालुक्यातल्या कातकरी वाड्यांवर असते. इथून हार्बरने कुर्ला, तिथून कर्जत लोकल, पुढे टमटम आणि शेवटी पायवाट. ही धावपळ करताना जेवणाची वेळ कधीच धड नसायची. कित्येक वर्षं छातीत जळजळ, करपट ढेकर, उपाशीपोटी दुखणं. मेडिकलमधून पित्ताची गोळी आणायची, खायची आणि पुढे चालायचं. तीन वर्षांपूर्वी एका शिबिरात नर्सबाईंनी सहज माझ्या बोटाला सुई टोचली आणि साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करायला लावल्या. दुर्बिणीची तपासणी झाली. पोटाच्या अस्तराला सूज होती आणि त्यात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू होता. चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स झाला. पोट शांत झालं. तीन महिन्यांनी साखरही बरीच खाली आली.

मी आनंदाने वाडीवर साक्ष दिली. म्हटलं, प्रभूने डॉक्टरांच्या हातून माझ्या पोटातला जंतू काढला आणि साखरही उतरवली. बायांनी टाळ्या वाजवल्या.

त्या साक्षीत मी एक गोष्ट सांगितलीच नव्हती. त्या तीन महिन्यांत मी भीतीने भात निम्मा केला होता, चहातली साखर बंद केली होती, रोज पाऊण तास चालत होते आणि मधुमेहाची गोळी एक दिवसही चुकवली नव्हती. साखर उतरली ती बहुतेक त्यामुळे. जंतूची गोष्ट ऐकायला जास्त चांगली वाटत होती, म्हणून मी तेवढीच सांगितली.

समोर बसलेल्या बायांत एक मावशी होती. पन्नाशीची, अंगाने काडी. तिला मधुमेह असल्याचं आमच्याच शिबिरात कळलं होतं. सरकारी दवाखान्यातून मेटफॉर्मिनच्या गोळ्या मिळत होत्या, पण त्या घेतल्या की मळमळायचं, पोटात ढवळायचं. बिचारी काळा चहा पिऊन उपाशीपोटीच गोळी घेत होती, कारण सकाळी घरात दुसरं काही नसायचं. माझी साक्ष ऐकून तिने आपल्यापुरता अर्थ लावला. आपलंही पोट दुखतं, म्हणजे आपल्यालाही तोच जंतू. जंतू मेला की साखर गेली. तिने बाजारातल्या एका दुकानातून पोटाच्या जंतूवरच्या म्हणून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, त्या घेतल्या आणि मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या. दिवाळीनंतर सगळं कुटुंब वीटभट्टीवर गेलं. तिथे पायाला वीट लागली. जखम भरेना. आम्हाला निरोप आला तेव्हा पाय काळा पडला होता. इस्पितळात तिची दोन बोटं काढावी लागली.

मी भेटायला गेले तेव्हा तिने माझा हात धरला आणि विचारलं, "ताई, तूच बोललीस ना, जंतू गेला की साखर जाते?"

मी तसं शब्दशः बोलले नव्हते. पण तिने ऐकलं ते माझ्याच तोंडून. मी धर्मशास्त्राचा डिप्लोमा केला तेव्हा शिक्षक सांगायचे की साक्ष देणाऱ्याने पाहिलं तेवढंच सांगावं, आणि पाहिलं ते सगळं सांगावं. मी पहिली अटही पाळली नाही आणि दुसरीही नाही. म्हणून आज हा विषय नीट, पुरा सांगते.

हा जंतू मुळात कसा सापडला ते ऐका. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन नावाचे डॉक्टर पोटातल्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असत. 1979 साली त्यांना सुजलेल्या अस्तरावर नागमोडी जंतू दिसले. पोटातल्या आम्लात कुठलाही जंतू जगत नाही, असं तेव्हा सगळे मानत. त्यामुळे त्यांच्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. पुढे बॅरी मार्शल हे तरुण डॉक्टर त्यांना येऊन मिळाले. त्यांनी हे जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. दोन दिवसांत काही उगवलं नाही की बशा फेकून देत असत. 1982 च्या एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली आणि बशा पाच दिवस तशाच राहिल्या. सुट्टीनंतर पाहतात तो जंतू उगवलेले! त्याला वाढायला जास्त दिवस लागतात, एवढंच काय ते कोडं होतं. 1984 साली मार्शल यांनी हा जंतू स्वतः पिऊन पाहिला आणि काही दिवसांत त्यांच्या पोटाला सूज आली. 2005 साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळालं. हा शोध लागेपर्यंत अल्सर म्हणजे काळजी आणि तिखट खाणं असंच सगळे धरून चालत होते. बहुतेक अल्सरांचं कारण हा जंतू किंवा वेदनाशामक गोळ्या हे आता मान्य झालं आहे. दीर्घकाळ राहिला तर तो काहींना पोटाचा कर्करोगही करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 1994 सालीच त्याला कर्करोगकारकांच्या यादीत घातलं.

आम्लात तो जगतो कसा? तो युरियापासून अमोनिया तयार करतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. मग अस्तरावरच्या चिकट थरात शिरून बसतो. वर्षानुवर्षं, बहुधा आयुष्यभर. आणि तो बहुतेक वेळा लहानपणीच येतो. एकमेकांच्या तोंडातून, उलटीतून, विष्ठेतून, अस्वच्छ पाण्यातून. लहान खोलीत पुष्कळ माणसं, एकत्र झोपणं, आईने घास चावून बाळाला भरवणं, हात न धुता जेवणं, यातून तो घरातल्या घरात पसरतो. आपल्या देशात दहाव्या वर्षापर्यंत निम्म्याहून अधिक मुलांच्या पोटात तो पोचलेला असतो. म्हणजे इथे बसलेल्या आपल्यापैकीही पुष्कळांच्या पोटात तो असणार. घाबरू नका. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही.

आता मधुमेह. 2023 साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा श्रीमंतांचा, जाड माणसांचा आजार ही समजूत आता सोडायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा पिढीभर अभ्यास केला. आपली बाळं वजनाने कमी जन्मतात, पण त्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त असते, हे त्यांनी दाखवलं. आईच्या पोटातच ज्याची उपासमार झाली, त्याला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. माझी ती काडीसारखी मावशी आठवा.

मग या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त चर्चा झाली ती अमेरिकेतल्या एका अभ्यासाची. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो भागात राहणाऱ्या, मूळच्या लॅटिन अमेरिकी कुटुंबांतल्या साठीपुढच्या 782 माणसांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं. सुरुवातीला त्यांच्यापैकी कोणालाही मधुमेह नव्हता. दहा वर्षांत 144 जणांना झाला. ज्यांच्या रक्तात या पोटातल्या जंतूच्या खुणा होत्या, त्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा जवळजवळ 2.7 पट निघालं. इतर काही जंतूंच्याही खुणा तपासल्या होत्या, त्यांचा तसा संबंध दिसला नाही. हे 2012 साली छापून आलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या संशोधकांनीही दाखवलं की ज्यांच्या पोटात हा जंतू आहे त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर थोडी जास्त असते, आणि वजन जास्त असेल तर हा फरक वाढतो.

हे कसं घडत असेल? एक विचार असा की जंतूमुळे अंगात कायमची मंद सूज राहते आणि इन्सुलिनचं काम अडतं. दुसरा असा की भूक आणि तृप्ती सांगणारी संप्रेरकं पोटात तयार होतात, त्यांचं गणित बिघडतं. उलटा रस्ताही शक्य आहे. साखर जास्त असली की जंतूशी लढायची ताकद कमी होते आणि पोटाची हालचाल मंदावते, म्हणून जंतू टिकून राहतो.

पण हेही ऐका, कारण हेच मी वाडीवर सांगितलं नव्हतं. पुढच्या कित्येक अभ्यासांत हा संबंध फार थोडा दिसला, काहींत दिसलाच नाही. आणखी एक अडचण आहे. ज्या घरात गर्दी आहे, पाणी नाही, अन्न धड नाही, तिथे जंतूही असतो आणि मधुमेहही वाढतो. दोन्हींची आई गरिबी असेल, तर दोघं भावंडं एकत्र दिसणारच. म्हणून एकाने दुसऱ्याला जन्म दिला असं म्हणता येत नाही. आणि जंतू काढल्यावर साखर कमी होते का, यावरही उत्तरं वेगवेगळी आली आहेत. काहींत किंचित उतरली, काहींत जशीच्या तशी राहिली. जंतूवरचं औषध घेऊन मधुमेह बरा होतो, असं आज कोणताही प्रामाणिक डॉक्टर सांगणार नाही. मी पण सांगत नाही. माझी स्वतःची साखर आजही गोळीवरच ताब्यात आहे.

तर आपण घरी काय न्यायचं? पाच गोष्टी सांगते.

पहिली, मधुमेहाची गोळी मनाने बंद करू नका. पोटात ढवळत असेल तर गोळी जेवणानंतर घ्या आणि डॉक्टरांना सांगा. ते मात्रा कमी करून हळूहळू वाढवू शकतात, किंवा दुसरी गोळी देऊ शकतात. गोळी बदलता येते. मावशीची बोटं परत आणता येत नाहीत.

दुसरी, पित्ताची गोळी वर्षानुवर्षं मेडिकलमधून आणून खाऊ नका. मी तेच केलं. वारंवार पोट दुखत असेल, अल्सर होऊन गेला असेल, कारण नसताना रक्त कमी असेल, घरात कोणाला पोटाचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना या जंतूची तपासणी विचारा. फुंकर मारून होणारी श्वासाची तपासणी आहे, शौचाची आहे, दुर्बिणीची आहे. पित्ताची गोळी तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असून दिसत नाही. मात्र तीही डॉक्टरांना विचारूनच बंद करा. शौचाला डांबरासारखं काळं होणं, रक्ताची उलटी, वजन उतरणं, घास अडकणं यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिसरी, औषध सुरू झालं तर कोर्स पुरा करा. दोन प्रकारची प्रतिजैविकं आणि आम्ल कमी करणारी गोळी, बहुधा चौदा दिवस. पाच दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडलं तर उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात. आपल्या देशात ही अडचण आधीच मोठी आहे. कोर्स संपल्यावर निदान चार आठवड्यांनी जंतू गेला की नाही ते पुन्हा तपासावं. आणि त्रास नसताना मंडळीतल्या प्रत्येकाने औषध घ्यायची धाव घेऊ नये.

चौथी, हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा याकडे लक्ष द्या. या जंतूमुळे पोटातून बी-12 जीवनसत्त्व कमी शोषलं जातं, मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते कमी होतं. ज्यांच्याकडे दोन्ही आहे आणि जेवण शाकाहारी आहे, त्यांनी बी-12 ची तपासणी जरूर विचारावी.

पाचवी, मधुमेही माणसाने रोज रात्री आपले तळपाय पाहावेत. स्वतःला दिसत नसतील तर नातवाला पाहायला सांगावं. आजीचे पाय नातवाने धरले तर त्यात काही वाईट नाही, आशीर्वादच मिळेल.

एवढं झालं तुमच्या-माझ्या घरचं. आता वाडीचं.

दुसरे राजे, दुसरा अध्याय. यरीहोचे लोक अलीशा संदेष्ट्याकडे येतात आणि म्हणतात, गाव छान आहे पण पाणी वाईट आहे. अलीशाने काय केलं ते पाहा. त्याने आजाऱ्यांची रांग लावली नाही. तो नव्या भांड्यात मीठ घेऊन झऱ्यापाशी गेला. पाण्याच्या उगमाशी गेला. मी हा भाग कित्येकदा शिकवला आहे, पण मावशीच्या खाटेशेजारी बसले तेव्हा मला तो खरा कळला. मी आजवर गोळ्या घेऊन फिरत होते. ज्या पाण्यातून, ज्या गर्दीतून, ज्या उपासमारीतून आजार येतो, तिथे मी फार कमी वेळा उभी राहिले.

हे फक्त कर्जतचं आहे असं समजू नका. आपल्या चेंबूरच्या शेजारी गोवंडी, मानखुर्द, देवनार पसरलं आहे. तो एम पूर्व वॉर्ड 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या सगळ्या वॉर्डांत शेवटचा होता. तिथेही पिंपात साठवलेलं पाणी, एका खोलीत सात-आठ माणसं, शौचालयाला रांग. आदिवासी वाडीचं आणि या वस्तीचं दुखणं एकच आहे.

म्हणून वाडीवर आम्ही आता काही साध्या गोष्टी धरल्या आहेत. पाण्याच्या हंड्यावर झाकण, आणि पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं, म्हणजे हात पाण्यात बुडत नाही. पाणी गाळून उकळायचं. जिथे सरपण पुरत नाही तिथे क्लोरीनचे थेंब. चुलीशेजारी साबणाची वडी. बाळाला घास चावून न देता बोटांनी मऊ कुस्करून. एक म्हातारी मला म्हणाली, "आमी सगळी अशीच वाढलो." मी म्हटलं, "आजी, तुमची किती जगली?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "नऊतली चार." दुसऱ्या दिवशी तिच्या हंड्यावर झाकण होतं. मला तो प्रश्न तिला विचारायला नको होता, असंही कधी वाटतं.

दिवाळीनंतर वाड्या रिकाम्या होतात. पाऊस येईपर्यंत माणसं भट्टीवर. गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, पण भट्टी दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. तिथे त्यांना ओळखणारं कोणी नाही. यंदापासून आम्ही मधुमेहाच्या प्रत्येक माणसाला जाण्याआधी एक पिशवी देतो. त्यात डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, चित्रांचा कागद, पायात घालायला चप्पल आणि आमचा फोन नंबर. महिन्यातून एकदा कोणीतरी भट्टीवर जाऊन येतं. तुमच्या देणग्यांतून हे चालतं, त्यासाठी मी मनापासून आभार मानते. पण आज मी पैशापेक्षा माणसं मागायला आले आहे. तरुण संघातल्या कोणी महिन्यातला एक शनिवार द्यावा. मंडळीत निवृत्त नर्स आहेत, त्यांनी भट्टीवर यावं. सरकारी इस्पितळात कागद घेऊन रांगेत उभं राहायला कातकरी बाईबरोबर कोणीतरी हवं असतं, एवढंच.

मावशी आता चालते. थोडी लंगडते. गोळी जेवून घेते. दुपारची घेते, कारण सकाळी अजूनही घरात चहाच असतो. तिच्या पोटात जंतू आहे की नाही, हे आम्ही मागच्या महिन्यात रीतसर तपासून घेतलं. जंतू नव्हता. गोळी उपाशीपोटी घेतल्यानेच तिचं पोट दुखत होतं. मी वाडीवर पुन्हा सभा घेतली आणि माझी साक्ष दुसऱ्यांदा दिली. या वेळी पूर्ण दिली, भाताची, चालण्याची, गोळीची, सगळी. टाळ्या वाजल्या नाहीत. पण सभा संपल्यावर चार बाया थांबल्या आणि आपापल्या गोळ्यांची पाकिटं कनवटीतून काढून मला दाखवू लागल्या.

त्या चौघींसाठी आणि मावशीसाठी प्रार्थनेत आठवण ठेवा. आणि माझ्यासाठीही, की मी जे सांगेन ते पूर्ण सांगावं.

प्रभू आपणा सर्वांस आशीर्वाद देवो. आमेन.